इंजिनाच्या नाकाचा इतिहास

माझ्याकडे १९९० सालची माझदा मियाटा आहे. दोन माणसांची, उघड्या छताची, १.६ लिटर इंजिनाची. अमेरिकेत नवी विकली गेली तेव्हा तिची ताकद ११६ हॉर्सपॉवर होती. माझी गाडी कॅलिफोर्नियात रोज ऑफिसला जाते आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरातल्या वळणांवर फिरते. रेस ट्रॅकवर जात नाही. अशी गाडी घेतली की लवकरच कुणीतरी सुचवतं : कंपनीने दिलेला एअर बॉक्स काढून टाक आणि बाजारातला इनटेक बसव. म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या डब्याऐवजी एक चकचकीत नळी आणि तिच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. तासाभराचं काम, दमदार आवाज आणि जाहिरातीवर विश्वास ठेवला तर थोडी जास्त ताकदही.

सॉफ्टवेअरच्या कामात एक सवय लागते. जुन्या कोडमध्ये एखादी निरर्थक वाटणारी ओळ दिसली, तर ती पुसण्याआधी कुणी आणि कशासाठी लिहिली ते बघायचं. बहुतेक वेळा तिच्यामागे कधीतरी कोसळलेली यंत्रणा आणि कुणाचं तरी रात्रभराचं जागरण असतं. एअर बॉक्सकडेही मी तसंच बघायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं, की या डब्यात चार जुनी भांडणं मिटवून ठेवलेली आहेत : धूळ, उष्णता, धूर आणि आवाज. नवा इनटेक निवडणं म्हणजे यातलं कुठलं भांडण पुन्हा उकरून काढायचं ते ठरवणं.

आधी थोडं गणित. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमध्ये आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं. १.६ लिटरचं इंजिन ७००० आरपीएमला फिरत असेल, तर जास्तीत जास्त मिनिटाला ५६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ९० लिटरहून जास्त हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो, पण वजनाने पाहिलं तर ती मुख्यतः हवा खाते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं असतं. हवा जास्त कोंबणं अवघड. म्हणून ताकद वाढवू पाहणारा प्रत्येक जण शेवटी इंजिनाच्या नाकाशी येऊन पोचतो.

पहिलं भांडण धुळीचं. अगदी सुरुवातीच्या मोटारींच्या कार्ब्युरेटरचं तोंड उघडंच असायचं. रस्ते कच्चे. आत गेलेली धूळ तेलात मिसळून पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासून काढायची. मग तेलाच्या भांड्यावरून हवा नेणारे फिल्टर आले आणि पुढे आजचे घड्यांचे कागदी फिल्टर. पण फिल्टर म्हटला की हवेला थोडा अडथळा होणारच. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मोटारीचं नाही, विमानाचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांची स्पिटफायर विमानं उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटासाठी तयार केली, तेव्हा वाळूपासून इंजिन वाचवायला त्यांच्या हनुवटीखाली व्होक्स कंपनीचा मोठा फिल्टर बसवला गेला. इंजिन वाचलं, पण विमानाचा वेग घटला. शेवटी इजिप्तमध्ये अबुकीर इथल्या १०३ क्रमांकाच्या मेंटेनन्स युनिटने स्वतःच एक लहान, सुटसुटीत फिल्टर बनवला, आणि तो ‘अबुकीर फिल्टर’ म्हणूनच ओळखला गेला. कारखान्याने दिलेला भाग काढून प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी आपला भाग बसवायचा, हाच ‘आफ्टरमार्केट’चा अर्थ. फरक एवढाच, की त्या तंत्रज्ञांनी फिल्टर लहान केला. वाळू विसरली नाही.

दुसरं भांडण उष्णतेचं. इथे अमेरिकन ड्रॅग रेसिंगचा काळ येतो. १९६४ साली फोर्डने फेअरलेन थंडरबोल्ट नावाच्या सुमारे शंभर गाड्या बनवल्या. त्यांचे आतल्या बाजूचे दोन हेडलाइट काढून त्या भोकांतून जाड नळ्या थेट कार्ब्युरेटरपर्यंत नेल्या होत्या. पुढच्याच वर्षी पाँटियाकने जीटीओसाठी ‘रॅम एअर’चा संच आणला. १९६९च्या मस्टँगवर बॉनेटमधून वर आलेला आणि इंजिनाबरोबर थरथरणारा ‘शेकर’ दिसू लागला. १९७०च्या शेव्हेलमध्ये विंडस्क्रीनच्या पायथ्याशी साठणारी हवा आत घेणारी झडप आली.

‘रॅम’ या शब्दाने मात्र बरीच दिशाभूल केली. ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा जास्तीचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम अर्धा टक्का भरतो. ताशी २०० ला तो दोन टक्क्यांच्या आत असतो. खरा फायदा दाबाचा नाही, गारव्याचा आहे. बाहेरची हवा २५ अंशांची असेल आणि बॉनेटखालची ५५, तर तेवढ्याच जागेत गरम हवा सुमारे नऊ टक्के कमी मावते. त्यामुळे बॉनेटखाली उघड्यावर बसवलेला शंकू दिसायला कितीही मोकळा असला, तरी तो रेडिएटरवरून आलेली हवाच पीत असतो. सिग्नलला थांबलेल्या गाडीत तर नक्कीच. कंपनीचा कंटाळवाणा डबा निदान त्या उकाड्यापासून भिंतीआड असतो.

तिसरं भांडण धुराचं, आणि ते मी राहतो त्याच राज्यातलं. जुलै १९४३मध्ये लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारं धुकं इतकं दाट उतरलं, की काही लोकांना जपानने विषारी वायूचा हल्ला केला असं वाटलं. पुढे कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर संशोधन करणारे डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की मोटारी आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे वायू आणि ऊन यांच्या संयोगातून हे धुकं तयार होतं. पिस्टनच्या कडेने निसटून तेलाच्या भागात शिरणारी वाफ तोवर एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडली जायची. कॅलिफोर्नियात १९६१च्या नव्या गाड्यांपासून ती वाफ परत इंजिनाकडे वळवून जाळायला सुरुवात झाली. इनटेकला चिकटलेली ती बारीकशी रबरी नळी, जिला बरेच हौशी लोक ‘नको ते लटांबर’ म्हणतात, ती या घटनेची वारस आहे.

१९६७ साली कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची स्थापना झाली आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आज त्या राज्यात बाजारातला इनटेक रस्त्यावर वापरायचा, तर त्या भागाला त्या विशिष्ट गाडीसाठी बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असावा लागतो. धुराच्या ठरावीक तपासणीत तंत्रज्ञ बॉनेट उघडून तो क्रमांक शोधतो. नसेल तर धूर कितीही स्वच्छ असो, गाडी नापास.

चौथं भांडण आवाजाचं. इनटेकच्या वाटेवर बहुतेक गाड्यांना एक मोकळी, बिनकामाची वाटणारी पेटी असते. हवा तिच्यातून पलीकडे जात नाही. ती फक्त एका ठरावीक सुराचा घुमारा खाऊन टाकते. हे तत्त्व एकोणिसाव्या शतकातल्या हर्मान हेल्महोल्ट्झ यांचं. ती पेटी काढली की गाडी जास्त जोरात ओरडते आणि कानाला ती जास्त जोरात पळाल्यासारखी वाटते. पुण्यातल्या माझ्या मावसभावाला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, “दादा, ताकद राहू दे रे, पण आवाज तर येईल ना?” त्याचं म्हणणं मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा निम्मा आनंद कानातूनच येतो. फक्त आवाज विकत घेताना आपण आवाजच घेतोय, हे माहीत असावं.

आता माझी गाडी. १.६ लिटरच्या मियाटात हवा फिल्टरमधून निघाली की एका मीटरमध्ये शिरते. तिथे स्प्रिंगने बांधलेलं एक दार आहे. हवेने ते जेवढं ढकललं जाईल, तेवढं पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो. म्हणजे दारापुढे कितीही रुंद नळी लावली, तरी सगळी हवा शेवटी त्याच दाराला ढकलत आत जाणार. शिवाय या मीटरनंतरच्या रबराला चीर पडली असेल, तर तिथून न मोजलेली हवा आत घुसते आणि पेट्रोलचा हिशोब चुकतो. तीस वर्षांहून जुन्या रबराबद्दल हा विचार नळीच्या चकाकीच्या आधी करायला हवा.

म्हणून मी चार प्रश्न क्रमाने विचारले. फिल्टर धूळ खरंच अडवतो का? हवा बॉनेटच्या बाहेरून येते का? या गाडीसाठी ऑर्डर क्रमांक आहे का? आणि मला ताकद हवी आहे की आवाज? उघडा शंकू दुसऱ्याच प्रश्नाला बाद झाला. बाहेरून हवा घेणारा, आडोसा असलेला संच पहिल्या दोन प्रश्नांत टिकला, पण मला मिळालेल्या संचाला माझ्या गाडीसाठीचा क्रमांक नव्हता. उरला कंपनीचा डबा. त्यात नवा कागदी फिल्टर घातला, मीटरनंतरची रबरी नळी बदलली, पट्ट्या घट्ट केल्या आणि वाचलेले पैसे टायरांसाठी ठेवले.

उद्या मी ते दार काढून हवा वेगळ्या पद्धतीने मोजणारा कॉम्प्युटर बसवला किंवा गाडी फक्त ट्रॅकवर नेऊ लागलो, तर उत्तर बदलेल. प्रश्न मात्र हेच चार राहतील.