वस्त्रनियंत्रण व वस्त्रनवीकरण, ब्रिटनमधील

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर, म्हणजे १ जून १९४१ ते १५ मार्च १९४९ पर्यंत, ब्रिटनमध्ये अंमलात असलेली कापडचोपडाची शिधावाटप पद्धती आणि तिच्या अनुषंगाने जुन्या कपड्यांना नवे रूप देण्यासाठी शासनाने चालविलेली मोहीम. ही मोहीम ‘मेक डू अँड मेंड’ (आहे त्यात भागवा व दुरुस्त करून वापरा) ह्या नावाने ओळखली जाते. काटकसर व कल्पकता यांचा आदर्श म्हणून तिचा वारंवार उल्लेख होतो. तथापि तिच्या इतिहासातून टंचाईच्या काळातील समान वाटपाच्या मर्यादाही स्पष्ट होतात.

पार्श्वभूमी : यंत्रयुगापूर्वी कपड्याच्या किंमतीत शिलाईपेक्षा कापडाचाच वाटा फार मोठा असे. त्यामुळे कपडा उसवून पुन्हा बेतणे, उलटवून शिवणे, मोठ्यांच्या कपड्यांतून मुलांचे कपडे काढणे ह्या गोष्टी सर्व थरांत रूढ होत्या. वापरलेल्या कपड्यांचा व्यापारही मोठा होता. निरुपयोगी चिंध्या कागदाच्या गिरण्यांकडे जात. १८१३ च्या सुमारास यॉर्कशरमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांपासून पुन्हा सूत व कापड काढण्याची रीत प्रचारात आणली व त्यातून एक स्वतंत्र उद्योग उभा राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही परिस्थिती पालटू लागली. अमेरिकेत एलिअस हौ (१८४६) व आयझॅक सिंगर (१८५१) यांनी शिवणयंत्राची एकस्वे मिळविली. १८६३ मध्ये एबनीझर बटरिक याने निरनिराळ्या मापांचे, कापड बेतण्याचे कागदी नमुने विक्रीस आणले. शिवणयंत्र व कागदी नमुने यांमुळे मध्यमवर्गीय गृहिणीला घरी कपडे शिवणे सुलभ झाले. परंतु त्याच यंत्रामुळे कारखान्यांतील तयार कपडेही स्वस्त झाले. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा ब्रिटनमधील घरगुती शिवणकाम टिकून होते. पण सर्वसाधारण ग्राहक तयार कपडे घेण्यास सरावला होता.

शिधावाटप : युद्धामुळे कापूस व लोकर आणणाऱ्या जहाजांवर ताण पडला. गिरण्यांचे उत्पादन व मनुष्यबळ सैन्याच्या गरजांकडे वळवावे लागले. लोकसंख्येचा सु. एक चतुर्थांश भाग कोणत्या ना कोणत्या गणवेशास पात्र होता. नागरी बाजारात माल कमी येऊ लागला व किंमती चढल्या, तेव्हा व्यापार मंडळाचे अध्यक्ष ऑलिव्हर लिटलटन यांनी १ जून १९४१ रोजी नभोवाणीवरून वस्त्रनियंत्रणाची घोषणा केली. साठेबाजी होऊ नये म्हणून हा निर्णय अखेरपर्यंत गुप्त राखण्यात आला होता. स्वतंत्र कूपन-पुस्तिका छापण्याइतकाही अवधी नसल्यामुळे आरंभी अन्नाच्या शिधापत्रिकेतील मार्गारीनची शिल्लक कूपने वापरण्यात आली.

पहिल्या वर्षासाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ६६ कूपने मिळाली. वाढत्या वयाच्या मुलांना १० कूपने अधिक देण्यात येत. कपडा घेताना पैशांखेरीज त्यासाठी ठरविलेली कूपनेही द्यावी लागत. पुरुषाच्या लोकरी कोटास १३, विजारीस ८ व जाकिटास ५ अशी एका पूर्ण पोषाखास २६ कूपने लागत. ओव्हरकोटास १६, सुती सदऱ्यास ५ व बुटांच्या जोडास ७ कूपने मोजल्यावर वर्षाची केवळ १२ कूपने शिल्लक राहत. पुढे हे प्रमाण उत्तरोत्तर घटत गेले. १९४५ मध्ये युद्ध संपल्यावर १ सप्टेंबर १९४५ ते ३० एप्रिल १९४६ ह्या आठ महिन्यांसाठी अवघी २४ कूपने देण्यात आली.

नव्या कापडावरही हेच नियंत्रण होते. ३६ इंच (सु. ९१ सेंमी.) पन्ह्याच्या सुती कापडास वारी २ आणि लोकरी कापडास वारी ३ कूपने पडत. तयार सुती झग्यास ७ कूपने लागत असल्यामुळे साडेतीन वार कापड घेऊन तोच झगा घरी शिवल्यास एकाही कूपनाची बचत होत नसे. नव्या कापडाच्या घरगुती शिवणकामात पैसे वाचत, कूपने वाचत नसत. खरी बचत जुन्या कापडातूनच शक्य होती. मर्यादित किंमतीचे वापरलेले कपडे कूपनाविना मिळत. प्रकाशबंदीसाठी लागणारे काळे कापडही प्रारंभी कूपनमुक्त असल्याने त्याचेही कपडे शिवले गेले. वस्त्रनवीकरणाच्या प्रसारामागील आर्थिक कारण हे होते.

उपयुक्ततावस्त्रे : उपलब्ध मालाचा दर्जा व किंमत आटोक्यात ठेवण्यासाठी १९४१-४२ मध्ये ‘युटिलिटी’ कपड्यांची योजना अंमलात आली. ह्या कपड्यांवर ‘सीसी४१’ ही मुद्रा असे. तिचे रेखन रेजिनल्ड शिप यांनी केले होते. ह्या कपड्यांच्या किंमती नियंत्रित होत्या व १९४२ मध्ये त्यांना खरेदी कर माफ करण्यात आला. त्याच वर्षीच्या आदेशांनी खिसे, गुंड्या व चुण्या यांच्या संख्येवर मर्यादा घातल्या आणि विजारीच्या पायाशी घालावयाच्या दुमडीस मनाई केली. ही मनाई पुरुषवर्गास विशेष अप्रिय झाली. काहीजण मुद्दाम लांब विजार घेऊन घरी दुमड शिवून घेत. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमिस इ. नामवंत वेशकल्पकांनी ह्या योजनेसाठी नमुने तयार केले. त्यामुळे साध्या कपड्यासही प्रतिष्ठा लाभली.

नवीकरणाची मोहीम : १९४३ मध्ये व्यापार मंडळाने ‘मेक डू अँड मेंड’ ही तीन पेन्स किंमतीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष ह्यू डॉल्टन यांचे प्रास्ताविक होते. ‘मिसेस सू-अँड-सू’ ही बाहुली भित्तिपत्रके व जाहिराती यांतून शिवणाचे सल्ले देई. स्त्रियांच्या संस्था व सायंशाळा यांनी ठिकठिकाणी वर्ग चालविले. ‘विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस’ ह्या संघटनेने मुलांना लहान झालेल्या कपड्यांच्या अदलाबदलीची केंद्रे उघडली.

पुस्तिकेतील व वर्गांतील शिक्षण प्राथमिक स्वरूपाचे, पण नेमके असे. कसर लागू न देणे, वीण सुटू लागताच रफू करणे, कोपरास ठिगळ लावणे आणि विरलेली गळपट्टी उसवून उलट बाजूने बसविणे ह्या गोष्टी त्यात येत. पुरुषाच्या पोषाखातून स्त्रीचा कोट व स्कर्ट, विजारींतून मुलांच्या चड्ड्या, तर दोन जुन्या झग्यांतून एक नवा झगा बेतला जाई. विणलेल्या लोकरीला दर २ औंसांस (सु. ५७ ग्रॅ.) एक कूपन लागत असल्याने जुना स्वेटर उसवून, लोकरीच्या लडी धुऊन व ताणून वाळवून त्या पुन्हा विणण्यात येत. मध्यभागी विरलेली चादर उभी कापून तिचे भक्कम काठ मध्ये जोडण्याची एक रीत होती. महाराष्ट्रात लुगड्याला किंवा धोतराला दंड घालण्याची जी पद्धत परिचित आहे, तिच्याशी हिचे निकटचे साम्य आहे.

परिणाम व मर्यादा : नियंत्रणापूर्वी भाववाढीचा फटका प्रामुख्याने गरिबांस बसत होता. कूपनांमुळे श्रीमंतांच्या खरेदीस मर्यादा पडली आणि उपयुक्ततावस्त्रांमुळे सामान्य कुटुंबास टिकाऊ कपडा माफक किंमतीत मिळू लागला. ही ह्या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू होय. तथापि कूपने सर्वांस समान असली, तरी कपाटे समान नव्हती. ज्यांच्या घरी युद्धापूर्वीचे चांगल्या लोकरीचे कपडे शिलकीत होते, त्यांना नवीकरणास भरपूर वाव होता. ज्यांच्याजवळ मुळात एकदोन जोडच होते, त्यांच्यापाशी फेरबदल करावयास काही नव्हते. आणि ठिगळ लावण्याचे शिक्षण देण्याची त्यांना गरजही नव्हती. अनेकांना पैशांअभावी आपली सर्व कूपने वापरता येत नसत. कूपनांचा काळा बाजारही चाले.

शिवण्याचे काम मुख्यतः स्त्रियांवर पडले. त्यांपैकी अनेकजणी कारखान्यांत पूर्ण वेळ काम करीत. शिवणयंत्रे व सुया दुर्मिळ झाल्या होत्या. मलायातील रबर १९४२ मध्ये जपानच्या हाती गेल्यावर इलॅस्टिकही मिळेनासे झाले. शासनाने कापड, कूपने व गिरण्यांतील श्रम यांचा हिशेब ठेवला. परंतु रात्री घरी होणाऱ्या ह्या बिनमोबदला श्रमांची त्यात नोंद नव्हती.

भारतातील परिस्थिती : युद्धकाळात मुंबईसह भारतातील गिरण्यांनी सैन्यास मोठ्या प्रमाणावर कापड पुरविले. नागरी बाजारातील भाव बेसुमार वाढल्यावर १९४३ मध्ये सुती कापड व सूत नियंत्रण आदेश काढण्यात आला. त्यान्वये कापडावर कमाल किंमतीचा छाप मारणे आवश्यक ठरले. बंगालमध्ये १९४३ च्या दुष्काळापाठोपाठ कापडाची तीव्र टंचाई निर्माण झाली. जेथे एकच वस्त्र अंगावर होते, तेथे नवीकरणाचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता.

युद्धोत्तर काळ : युद्ध संपल्यावरही टंचाई चालू राहिल्याने नियंत्रण अप्रिय झाले. पॅराशूटसाठी वापरलेले रेशीम व नायलॉन बाजारात आले व त्यांतून अंतर्वस्त्रे, क्वचित विवाहाचे पोषाखही शिवले गेले. फेब्रुवारी १९४७ मध्ये पॅरिस येथे क्रिस्तियन दिऑर याने भरपूर घेराच्या झग्यांची वेशशैली सादर केली. कापडाची ही उधळण ब्रिटिश शासनास रुचली नाही. २० नोव्हेंबर १९४७ रोजी झालेल्या राजकन्या एलिझाबेथ हिच्या विवाहाच्या पोषाखासही कूपने लागली. लोकांनी तिला पाठविलेली कूपने, ती दुसऱ्यास देणे बेकायदेशीर असल्यामुळे, परत करण्यात आली. १५ मार्च १९४९ रोजी व्यापार मंडळाचे अध्यक्ष हॅरल्ड विल्सन यांच्या कारकीर्दीत वस्त्रनियंत्रण समाप्त झाले आणि १९५२ मध्ये युटिलिटी योजनाही बंद झाली.

पुढे कृत्रिम तंतू व स्वस्त तयार कपडे यांमुळे दुरुस्तीपेक्षा नवा कपडा घेणे सोयीचे ठरू लागले. एकविसाव्या शतकात टाकून दिलेल्या कपड्यांच्या कचऱ्याचा प्रश्न पुढे आल्यावर युद्धकालीन पुस्तिकांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. त्यांचे पुनर्मुद्रण झाले व २०१५ मध्ये लंडनच्या इंपीरियल वॉर म्यूझियममध्ये ह्या काळातील वेशभूषेचे प्रदर्शन भरले. पूर्वी कापडाच्या टंचाईवर उपाय म्हणून शिकविलेली ही विद्या आता कापडाच्या अतिरेकावरील उपाय म्हणून शिकविली जाते.