गिटार मुरते का?



गेल्या काही व्याख्यानांत आपण कार्यकारणभावाचा विचार करतो आहोत. एका गोष्टीमुळे दुसरी गोष्ट घडली असं आपण कधी म्हणू शकतो, हा आपला मूळ प्रश्न. आज त्यासाठी एक साधी वस्तू समोर घेऊ : गिटार. गिटार वाजवणाऱ्यांना विचारा, बहुतेक जण सांगतील की गिटार जितकी जुनी आणि जितकी वाजवलेली, तितकी गोड. लोणचं मुरतं तशी ती मुरते. ‘आवाज उघडला’ असा त्यांचा शब्द आहे. हे खरं आहे का?

हा प्रश्न आमच्यापर्यंत पुस्तकातून आला नाही, घरातून आला. आमचा धाकटा भाऊ कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवत असे. तो गेला, आणि गिटार बरीच वर्षं कपाटावर पडून राहिली. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीनं ती खाली काढली. ब्रिज उचलला गेला होता, आतली एक पट्टी सुटली होती. दुरुस्ती करणारे म्हणाले, हे सगळं काढून पुन्हा चिकटवावं लागेल, पडदेही बदलावे लागतील. पोरगी अडून बसली. आम्हाला म्हणाली, ‘‘काका, बाबांनी तीस वर्षं वाजवली ना ही? त्यांचं वाजवणं या लाकडात मुरलंय. उघडून चिकटवली तर ते जाईल का हो?’’

आता तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला असं विचारल्यावर ‘मला काय माहीत’ म्हणून सुटता येत नाही. म्हणून शोधायला बसलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिलं काम म्हणजे प्रश्न सोडवून घेणं. ‘जुनी गिटार चांगली वाजते’ या एका वाक्यात तीन वाक्यं गुंतलेली आहेत. एक, नुसत्या काळानं लाकूड सुधारतं. दोन, वाजवण्यानं लाकूड सुधारतं. आणि तीन, आज ज्या जुन्या गिटारी आपल्याला दिसतात त्या मुळातच चांगल्या होत्या. तिसरं वाक्य खरं असेल, तर पहिली दोन खोटी असूनही अनुभव तोच येईल. इथेच माणूस फसतो.

इतिहासाकडे वळू. आजच्या शास्त्रीय गिटारीचा घाट ज्यानं पक्का केला तो स्पेनमधल्या आल्मेरियाचा आन्तोनियो दे तोरेस, जन्म १८१७, मृत्यू १८९२. आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो, असं त्याचं मत. ते दाखवायला त्यानं १८६२ मध्ये एक गिटार अशी केली की पुढची फळी लाकडाची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या! ती आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. या तोरेसची १८६४ सालची गिटार फ्रान्सिस्को तारेगा या थोर वादकानं १८६९ च्या सुमारास घेतली, म्हणजे अवघ्या पाच वर्षांची असताना.

पुढे आंद्रेस सेगोव्हिया. १९१२ मध्ये माद्रिदला मान्युएल रामिरेझच्या दुकानातून त्यानं कोरी गिटार घेतली आणि तिच्यावर पाव शतक जगभर मैफली केल्या. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन हेरमान हाउझर हा जर्मन कारागीर जवळपास एक तप नव्या गिटारी करत राहिला. १९३७ मध्ये त्यानं केलेली गिटार सेगोव्हियाला पसंत पडली, आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षं तो तीच वाजवत होता. आता बघा : पंचवीस वर्षं स्वतःच्या हातानं ‘मुरवलेली’ गिटार बाजूला ठेवून हा माणूस कोरी गिटार उचलतो. मुरण्याचा महिमा सर्वांत मोठा असता, तर त्यानं असं केलं नसतं. यावरून वाजवण्यानं काही होत नाही असं सिद्ध होत नाही. पण कारागिराच्या हातापुढे ते फार मोठं नसावं, एवढी शंका घ्यायला जागा आहे.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. मार्टिन ही गिटार करणारी कंपनी १८३३ पासूनची. तिच्या दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारींना आज अफाट किंमत येते आणि लोक म्हणतात, बघा, वयानं काय आवाज आलाय! पण त्या गिटारी आतून वेगळ्या होत्या. पुढच्या फळीला आधार देणाऱ्या पट्ट्या कोरून हलक्या केलेल्या असत. जाड तारा लावणारे वादक वाढले. पोलादी तारांच्या एका संचाचा ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. फळ्या फुगायला लागल्या, दुरुस्त्या वाढल्या, आणि १९४४ च्या अखेरीस कंपनीनं पट्ट्या कोरणं थांबवलं. पुढच्या गिटारी दणकट झाल्या, आवाज बदलला. १९७६ मध्ये कंपनीनं कोरलेल्या पट्ट्यांची नवी गिटार पुन्हा काढली. म्हणजे १९३८ ची आणि १९५८ ची गिटार शेजारी ठेवून फरक वीस वर्षांच्या वयाचा आहे म्हणणं चूक. बांधणीच निराळी. शिवाय वाईट वाजणारी जुनी गिटार कोण जपतं? ती अडगळीत जाते, मोडते. चांगली तेवढी वारसांच्या हाती पोचते. आपण उरलेल्यांवरून गेलेल्यांचा अंदाज बांधतो.

मग लाकडात काहीच होत नाही का? होतं. लाकूड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. यातलं हेमिसेल्युलोज काळानुसार सावकाश विघटित होतं आणि लाकूड हवेतला ओलावा कमी शोषतं. आज कंपन्या प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत लाकूड तापवून हाच बदल झटपट घडवू पाहतात. तेव्हा ‘काळानं बदल होतो’ हे पहिलं वाक्य निराधार नाही. पण बदल होणं वेगळं आणि सुधारणा होणं वेगळं. काळानं लाकूड ठिसूळही होतं, मान वाकते, सांधे सुटतात. आमच्या कपाटावरच्या गिटारीचं तेच झालं होतं.

दुसरं वाक्य वाजवण्याचं. १९९६ मध्ये हंट आणि बालसान या संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात लिहिलं की लाकूड बराच काळ कंपित केलं तर त्याचा ताठपणा वाढतो आणि कंपन आतल्या आत जिरण्याचं प्रमाण घटतं; दमट हवेत हा परिणाम विशेष दिसतो. वादकांना आनंद झाला. पण हे लाकडाच्या तुकड्याबद्दल झालं. अख्ख्या वाद्याचं काय?

इथे आपल्या नैयायिकांचं जुनं हत्यार उपयोगी पडतं : अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य असलं पाहिजे, कारण नसेल तिथे कार्य नसलं पाहिजे, आणि बाकी सगळं सारखं हवं. सिडनीत अगदी हेच केलं गेलं, गिटारीवर नाही, तिच्या चुलत भावंडावर, व्हायोलिनवर. हॅरी व्हॅटिलियोटिस या कारागिरानं एकाच झाडांच्या लाकडातून जुळी व्हायोलिनं केली. एक संग्रहालयात जपून ठेवलं, दुसरं व्यावसायिक वादकानं नियमित वाजवलं. तीन वर्षांनी वादकांकडून आणि श्रोत्यांकडून तुलना करून घेतली. उल्लेखनीय फरक सापडला नाही. गिटारींवर यंत्रानं कंपनं देऊन ‘मुरवण्या’चा प्रयोगही झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तिथेही लक्षणीय फरक दिसला नाही. तीन वर्षं म्हणजे तीस वर्षं नव्हेत, हे मान्य. पण ‘सहा महिन्यांत आवाज उघडला’ असं सांगणाऱ्यांना हा प्रयोग विचारात घ्यावाच लागेल.

आणि आपले कान? २०१० मध्ये इंडियानापोलिसला एकवीस वादकांना डोळ्यांवर वेल्डरचे चश्मे चढवून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हारीची, एक ग्वार्नेरीचं. सर्वाधिक पसंती मिळाली ती एका नव्याला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हारीला. नवं कुठलं, जुनं कुठलं, हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. डोळे मिटले की वय ऐकू येत नाही!

यात कुणाची टिंगल नाही. वादकाला फरक जाणवतो हे खरंच असतं. फक्त त्याची कारणं अनेक असतात. तारा घामानं आणि मळानं काही आठवड्यांत मंदावतात, नव्या लावल्या की गिटार झळकते. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, आवाज बसतो. हिवाळ्यात मोकळा होतो. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे वाजवणारा. या गिटारीला कुठे दाबायचं, कुठे सोडायचं हे त्याचा हात शिकतो. गिटार उघडली असं त्याला वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तोच उघडलेला असतो.

वैशेषिकांनी संस्कार नावाचा गुण मानला आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. स्थितिस्थापक म्हणजे वाकवलेली वस्तू पुन्हा मूळ जागी आणणारा. तो चटईसारख्या पार्थिव वस्तूंत राहतो, आणि गिटारीची फळी त्याच जातीची. भावना म्हणजे अनुभवातून जन्मणारा आणि स्मृतीला कारण होणारा संस्कार. तो फक्त आत्म्यात राहतो, लाकडात नाही. आत्मा मानायचा की नाही हा वाद बाजूला ठेवा, भेद मोलाचा आहे. फळी परत जागेवर येते. आठवण ठेवत नाही.

पुतणीला आम्ही हेच सांगितलं, जरा सोप्या भाषेत. बाबांचं वाजवणं पट्टीच्या सरसात नाही. पडद्यांवर त्यांच्या बोटांनी पडलेल्या खाचा आहेत, त्या खऱ्या आहेत. बदललेले पडदे हवे तर डबीत ठेव. पण ते जे शिकवून गेले ते तुझ्या हातात आहे, आणि गिटार बंद राहिली तर तेही हळूहळू जाईल.

तिनं दुरुस्ती करून घेतली. नव्या तारा लावल्या आणि बाबा वाजवायचे ती एक चाल वाजवली. एका ठिकाणी आमचा भाऊ नेहमी किंचित थांबत असे. ती तिथेच थांबली. आवाज पूर्वीसारखा आहे का, असं तिनं विचारलं. खरं सांगायचं तर पूर्वीचा आवाज नेमका कसा होता, हे आता आम्हाला आठवत नाही. तो थांबा मात्र आम्ही ओळखला.

तेव्हा नवी गिटार घेणाऱ्यांनो, जुनी परवडत नाही म्हणून कष्टी होऊ नका. आणि ज्यांच्या घरी कपाटावर एखादी पडली असेल, त्यांनी ती मुरायची वाट पाहू नये. खाली काढावी.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.