एका बीनेचा शोध

परप्रांती बदली झालेल्या माणसाला नव्या गावाची ओळख दोन वाटांनी होते. एक कचेरीच्या कागदपत्रांतून आणि दुसरी बाजारातून. झाशीस आल्यावर पहिली ओळख आम्हांस आपोआप घडली. दुसरी मात्र एका मोडक्या वाद्याने घडवून आणली.

झाशीच्या जुन्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली काही मराठी घरे आहेत. त्यांपैकी एका घरी, दिवाणखान्याच्या भिंतीवर, आम्ही एक लांब पोकळ दांडी टांगलेली पाहिली. तिच्या एका टोकाशी मोठा भोपळा होता. दुसऱ्या टोकाशी भोपळ्याची नुसती खूण उरली होती. पडदे निम्मेअधिक गळून गेले होते. "आजोबांची बीन," घरातले वृद्ध गृहस्थ म्हणाले. "दुसरा भोपळा मिळवून द्याल का? एकदा ती पुरी झालेली पाहावी एवढीच इच्छा आहे." त्यांचे वय त्र्याऐंशी. अशा माणसाला 'पुढे पाहू' म्हणणे आमच्याने झाले नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही बडा बाजार गाठला. किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेल्या जुन्या शहराचा हा भाग. मुरलीमनोहराचे देऊळ याच वस्तीत आहे. वाद्यांच्या दुकानात ढोलक होते, मंजिरे होते, फागाच्या साथीला लागणाऱ्या नगडिया होत्या, भजनी मंडळींच्या हार्मोनियमच्या पेट्या होत्या. आम्ही बीन मागितली. दुकानदाराने अदबीने विचारले, "साहब, साँप वाली या सरस्वती वाली?"

या एका प्रश्नात एका वाद्याचा सारा इतिहास सामावलेला आहे, असे आम्हांस नंतर वाटले. हिंदी मुलखात आज बीन म्हटले की गारुड्याची पुंगी डोळ्यांपुढे येते. वीणा म्हणावे तर तसबिरीतल्या शारदेच्या हातची वीणा दाखवितात. आपणां मराठी माणसांना त्याच शब्दाने वारकऱ्याच्या गळ्यातील वीणा आठवते. आम्हांस हवी होती ती यांतली एकही नव्हे; ती रुद्रवीणा, जिला जुने गवई बीन म्हणत. बांबूची किंवा लाकडाची पोकळ दांडी, खाली दोन भोपळे, मेणात बसविलेले पडदे, चार मुख्य तारा आणि चिकारीच्या काही. गळ्याने धृपदाचा जो आलाप करावयाचा तोच हाताने करावयाचा, हे तिचे काम.

तिचे कूळ मोठे. अबुल फजलाने 'आइन-इ-अकबरी'त दरबारच्या कलावंतांची जी यादी दिली तीत बीनकारांची नावे आहेत. पुढे मोगलांचे वैभव ओसरले तेव्हा या विद्येला ज्यांनी आश्रय दिला त्यांत आपल्या शिंदे-होळकरांचे दरबार होते. एकोणिसाव्या शतकातील थोर बीनकार बंदे अली खाँ यांचा संबंध ग्वाल्हेर आणि इंदूर या दोन्ही दरबारांशी आला, आणि त्यांचा अंत झाला तो पुण्यात. बीनेच्या साथीचा पखवाज तर झाशीच्या शेजारीच गाजत होता. विख्यात पखवाजी कुदौसिंह दतियाच्या भवानीसिंह राजांच्या पदरी होते. तेव्हा झाशीच्या एका मराठी घरात बीन असावी यात नवल नाही. नवल आहे ते तिचे नावही बाजाराला ठाऊक नसावे याचे.

झाशीत कोणतीही वस्तू सापडेनाशी झाली की माणसाचे मन १८५८ कडे धावते. गंगाधररावांना नाटकांचा नाद होता, ग्रंथसंग्रहाचा शोक होता. ३ एप्रिल १८५८ रोजी सर ह्यू रोझची फौज शहरात शिरली आणि त्यानंतर जी कत्तल व लूट झाली तिची हकीकत, त्या वेढ्यात सापडलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहून ठेवली आहे. राजवाड्यातील पुस्तकालयाची धूळधाण वाचताना आजही अंगावर शहारा येतो. ग्रंथांची ही गत, तर वाद्यांची काय कथा, असे आम्हीही प्रथम म्हटले, आणि सारा दोष गोऱ्या फौजेच्या माथी मारून मोकळे झालो.

पण हा निवाडा टिकत नाही. इंदूर आणि दतिया येथील राजवाडे असे लुटले गेले नाहीत, तरी बीन तेथेही विरळ झाली. तिचा घात लुटीने केला नाही; जपणुकीने केला. बीन शिकवावी ती पुत्राला, शिष्याला सतार किंवा सुरबहार द्यावी, अशी बीनकार घराण्यांची रीत सांगितली जाते. विद्या राखून ठेवली ती टिकावी म्हणून. परंतु राखून ठेवलेल्या वाद्याला गिऱ्हाईक नसते, आणि गिऱ्हाईक नसलेल्या वाद्याला कारागीर नसतो. इकडे धृपदामागून ख्यालाचे दिवस आले, आणि बीनेचा धिमा आलाप ऐकावयास लागणारी सवड श्रोत्यांपाशी उरली नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या मिरजेचे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे काम मंदावले तेव्हा तेथील शिकलगारांनी तंबोरे-सतारी घडविण्यास हात घातला. फरीदसाहेबांचे नाव यात अग्रणी. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून त्यांनी जो धंदा उभारला तो ख्यालगायनाबरोबर वाढला, कारण तंबोरा घरोघर लागे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बीनेलाही मधूनमधून कैवारी भेटले. जिया मोहिउद्दीन डागर यांनी कलकत्त्याच्या कारागिराकडून दांडी व भोपळे मोठे करवून घेतले आणि पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल काढून बाहेरच्या शिष्यांनाही विद्या दिली. ते १९९० मध्ये गेले. जयपूर परंपरेचे असद अली खाँ २०११ मध्ये.

बडा बाजार पालथा घालून झाल्यावर आम्ही अखेर मिरजेच्या एका कारागिराला पत्र धाडले, सोबत मापे व छायाचित्र. उत्तर सौजन्याचे आले. भोपळा मिळेल; मात्र तो पहिल्याच्या जोडीचा हवा, म्हणून वाद्य प्रत्यक्ष पाहावे लागेल. शेवटी एक ओळ होती: पडदे मेणात बसवावयाचे तर वाजविणारे समोर बसलेले हवेत; आपणांकडे वाजवितात कोण?

ही ओळ वाचून दाखविण्यास आम्हांस दोन दिवस धीर झाला नाही. वृद्ध गृहस्थांनी ती शांतपणे ऐकली. आजोबांची बीन त्यांनी ऐकली होती ती सहाव्या-सातव्या वर्षी, दाराआडून. जवळ बसू देत नसत. वडिलांनाही शिकविली नव्हती. "मग भोपळा आणून तरी काय करायचे?" ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "निदान नाव तरी लिहून लावा. आमच्या मागे कोणी भंगारात घालायला नको."

आम्ही जाड कागदावर मराठीत व हिंदीत ठळक अक्षरांनी लिहिले: 'ही रुद्रवीणा आहे. हिला बीन म्हणतात.' त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला, लेखणी मागितली, आणि थरथरत्या हाताने खाली आणखी एक ओळ घातली: 'कोणी शिकू इच्छील त्यास द्यावी.'