कुरुंद, नीलम आणि चंडीगढ

हत्यारांना धार लावण्याचा कुरुंदाचा दगड आणि जवाहिऱ्याच्या पेटीतील नीलम ही एकाच कुळातील अपत्ये आहेत. दोन्ही ॲल्युमिनियम व प्राणवायू यांच्या संयोगातून घडलेली. नीलमात लोह आणि टायटॅनियम यांचा किंचित अंश असतो व तेवढ्यानेच त्याला निळाई येते. युरोपीय भाषांतील ‘कोरंडम’ हा शब्दही भारतीय भाषांतूनच तिकडे गेला.

१८८१ च्या सुमारास काश्मीरच्या पाडर भागात उत्तम नीलम सापडले. राजेरजवाड्यांना त्यांचे अप्रूप वाटले. परंतु कारखानदाराला हवा असतो तो एकसारखा माल, आणि निसर्गाचा प्रत्येक खडा निराळा. ही अडचण व्हेर्नय या फ्रेंच रसायनज्ञाने दूर केली. ॲल्युमिनाची भुकटी प्रखर ज्योतीतून सोडून माणिकाचे स्फटिक वाढविण्याची कृती त्याने १९०२ साली जाहीर केली. पाठोपाठ नीलमही होऊ लागला. शनीची पीडा टाळण्यासाठी बोटात मिरवणारे हे रत्न मग घड्याळाच्या काचेत, तर त्याचे भावंड माणिक चाकांच्या आसाखाली जाऊन बसले.

मात्र हा पदार्थ मोठा हट्टी आहे. हिऱ्याच्या पूडीने घासावे, तर वरून लखलखीत दिसणाऱ्या पृष्ठाखाली सूक्ष्म तडे राहतात. काच खाणारे हायड्रोफ्लुओरिक आम्ल त्याला शिवतही नाही. गंधकाम्ल व फॉस्फरिक आम्ल यांचे मिश्रण तीनशे अंशांच्या आसपास तापवावे, तेव्हा कोठे तो हळूहळू झिजू लागतो; आणि तोही स्फटिकाच्या निरनिराळ्या अंगांनी निरनिराळ्या वेगाने. हेच अम्लरेखन. याने दुखावलेला थर निघून जातो व आतले दोष खळग्यांच्या रूपाने उघडे पडतात. निळा प्रकाश देणारे दिवे ज्या चकत्यांवर घडतात, त्यांतील पुष्कळ अशाच नीलमाच्या. त्या दिव्यांच्या शोधाला २०१४ चे नोबेल पारितोषिक लाभले.

उपकरणांच्या या सूक्ष्म विद्येचे भारतातील एक पीठ म्हणजे चंडीगढ. १९५९ साली दिल्लीत स्थापन झालेली केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना १९६२ मध्ये या नव्या नगरात आली, आणि पुढल्याच वर्षी घड्याळजींच्या स्वित्झर्लंडच्या साहाय्याने तेथे कारागिरांचे प्रशिक्षण केंद्र निघाले. यंत्रे विकत घेता येतात, हात घडवावे लागतात, हे त्या काळच्या धुरिणांनी ओळखले होते.

शेजारच्या मोहालीत अम्लरेखनाने निराळे रूप घेतले. तेथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ पासून सिलिकॉनच्या चकत्यांवर पाच मायक्रॉन रुंदीच्या रेषा कोरल्या जाऊ लागल्या. सिलिकॉन नीलमासारखा हट्टी नव्हे. त्यावरील ऑक्साइडचा थर हायड्रोफ्लुओरिक आम्ल सहज खाते. येथे कसोटी लागते ती स्वच्छतेची. धुळीचा एक कण चिप निकामी करू शकतो. मग धूर आणि काजळी यांची काय कथा! ७ फेब्रुवारी १९८९ रोजी या कारखान्याला आग लागली. इमारत पुन्हा उभारता येते. पण ज्या विद्येत दर दोन-तीन वर्षांनी पिढी बदलते, तिच्यात हरवलेली वर्षे कोठून आणायची? पुन्हा काम सुरू होईपर्यंत जग कितीतरी पुढे गेले होते. २००६ पासून ही संस्था प्रयोगशाळा म्हणून अवकाश विभागाकडे होती, आणि तिच्या चिपा भारतीय अवकाशयानांतून गेल्या.