अरबी समुद्राच्या गाळातला प्राणवायू

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटर खोलीपासून हजार-बाराशे मीटरपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्याला मुख्यतः कारण आहे नैर्ऋत्य मोसमी वारा. पुढे सह्याद्रीला धडकून गगनबावडा आणि राधानगरी भिजवणारा, पंचगंगेला पूर आणणारा वारा तोच. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी तो दूर लोटतो, त्याच्या जागी खालचे थंड, नायट्रेट आणि फॉस्फेटने भरलेले पाणी वर येते आणि प्लवकांची भरमसाट वाढ होते. मेलेले प्लवक खाली जाताना जिवाणू ते कुजवतात, त्यात पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. उत्तरेला जमिनीने कोंडलेल्या या समुद्रात दक्षिणेकडून ताजे पाणी सावकाश येते, म्हणून तूट भरून निघत नाही.

1933-34 मध्ये सेमोर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली इजिप्तच्या ‘मबाहिस’ जहाजावरून झालेल्या जॉन मरे मोहिमेने या थराची मोजमापे घेतली. साठच्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे, म्हणजे कोल्हापूरपासून काही तासांच्या अंतरावर आहे. 1983 मध्ये ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज मिळाले आणि तळाच्या गाळाचे उभे नमुने काढण्याच्या कामाला बळ आले.

गाळातून हरवलेला प्राणवायू शोधायचा तर त्याने मागे ठेवलेले परिणाम वाचावे लागतात. प्राणवायू संपला की जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरू लागतात आणि नायट्रोजन वायूच्या रूपात निसटतो. समुद्राचे खत असे हवेत जाते. या क्रियेत हलका नायट्रोजन-14 आधी वापरला जातो आणि उरलेल्या नायट्रेटमध्ये जड नायट्रोजन-15 चे प्रमाण वाढते. ते नायट्रेट वर येऊन प्लवकांच्या शरीरात शिरते आणि त्यांच्यासोबत तळाशी जाऊन पडते. म्हणून गाळात नायट्रोजन-15 जास्त, तर त्या काळी पाण्याच्या मधल्या थरात प्राणवायू कमी. ही खूण फार सुंदर आहे, कारण प्राणवायू आणि पोषकद्रव्य या दोघांचाही इतिहास ती एकदमच सांगते. मात्र तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. कुजताना तळाशीही हे प्रमाण बदलते. तेव्हा जोडीला प्राणवायूविना साचणारे मॉलिब्डेनम आणि युरेनियम पाहिले जाते. गाळाचे पातळ थर न विस्कटता टिकले आहेत का, हेही पाहतात. ते टिकले असतील तर गाळ उकरणारे किडे तिथे जगू शकले नव्हते. ‘ग्लोबिजेरिना बुलॉइड्स’ या सूक्ष्मजीवाची कवचे वाढलेली दिसली की वाऱ्याने खालचे पाणी जोरात वर आणले होते असे समजते.

1995 मध्ये मार्क अल्टाबेट आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनच्या या खुणेवरून दाखवले की उबदार काळात अरबी समुद्रातून नायट्रेट मोठ्या प्रमाणावर नष्ट होत असे आणि हिमयुगात हे प्रमाण खूप घटे. 1998 मध्ये पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या गाळाची ग्रीनलंडच्या बर्फाशी तुलना झाली. गेल्या 1,10,000 वर्षांत ग्रीनलंड उबदार झाला की इथे थरांचा, सेंद्रिय द्रव्याने काळा गाळ साचला. तिकडे गारठा वाढला की इथला पावसाळा क्षीण झाला, प्राणवायू परतला आणि किड्यांनी गाळ ढवळला.

त्याहून मागे जाण्यासाठी खोल छिद्रे पाडावी लागली. 2015 मध्ये ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ जहाजाने भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे 475 किलोमीटरवर, लक्ष्मी खोऱ्यात, 3,600 मीटरहून खोल पाण्याखाली हजार मीटरहून अधिक गाळ भेदला. त्या नमुन्यांवरचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे 1 कोटी वर्षांपूर्वीपासून 31 लाख वर्षांपूर्वीपर्यंत मोसमी वारा दुबळा होता. नायट्रेट नष्ट होण्याच्या पहिल्या खुणा 32 ते 28 लाख वर्षांपूर्वीच्या, त्या वेळच्या उबदार कालखंडातल्या आहेत. आजच्यासारखी कायमची प्राणवायूटंचाई जेमतेम 10 लाख वर्षांपूर्वी आली.

भारताच्या किनाऱ्याजवळचे चित्र वेगळे आहे. पावसाळ्यात इथेही कमी प्राणवायूचे पाणी उथळ भागावर चढते. त्याच वेळी समुद्रावरचा पाऊस आणि सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून कोकणातल्या खाड्यांवाटे आलेले गोडे पाणी हलके असल्याने वर पसरते, आणि त्याखाली हवा पोहोचत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाशी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. दोना पावलाच्या संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले की हे क्षेत्र सुमारे 1,80,000 चौरस किलोमीटर आहे आणि तिथून नायट्रस ऑक्साइड हा उष्णता धरून ठेवणारा वायू मोठ्या प्रमाणात हवेत जातो. ही टंचाई तीव्र होण्यामागे जमिनीवरून येणाऱ्या नत्रखतांचाही हात असावा, असा त्यांचा अंदाज होता.