रस्ता कोणाचा? : सायकलच्या निमित्ताने

१

माझ्या आजाने आयुष्यात एकच वाहन घेतले. तालुक्याच्या जिनिंगमध्ये तो हमाली करीत असे. तिथल्या एका मुकादमाकडून त्याने जुनी सायकल विकत घेतली होती. जिनिंगपासून गावच्या वेशीपर्यंत तो तिच्यावर बसून येई. वेस आली की खाली उतरे, सायकल हाताने ढकलीत मारुतीच्या पारासमोरून मान खाली घालून जाई, आणि गाव संपून आमची वस्ती दिसू लागली की शेवटच्या पन्नास पावलांसाठी पुन्हा टांग मारी. लहानपणी मी त्याला एकदा विचारले होते, "आबा, तिथंच का उतरता?" तो म्हणाला, "चढ हाय तिथं, पोरी."

पुढे मी त्याच रस्त्याने सायकल चालवीत हायस्कूलला गेले. तिथे चढ नव्हता.

आजा निरक्षर होता. मी आज महाविद्यालयात शिकवते. ह्या दोन गोष्टींमधले अंतर मोजायला लोक पदव्या मोजतात. मला मात्र ती वेस ते वस्ती एवढी वाट आठवते. त्या वाटेवर 'सायकलवरून उतर' असे कुठे लिहिलेले नव्हते, आणि आजाला कोणी तसा हुकूमही रोज देत नव्हते. तरी तो उतरत होता.

हा अनुभव केवळ आमच्या घरचा असता तर तो आठवण म्हणून सांगून सोडून दिला असता. पण २०१५ साली संसदेने अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मध्ये दुरुस्ती केली. २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. तिच्यातील एका पोटकलमाने दलित-आदिवासींना सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून, पायात पादत्राणे किंवा अंगावर नवे कपडे घालण्यापासून, लग्नाची वरात काढण्यापासून किंवा वरातीत घोड्यावर बसण्यापासून अडवणे हा अत्याचाराचा गुन्हा ठरवला. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने १९५० सालीच रस्ते सर्वांना खुले केले होते. त्यानंतर पासष्ट वर्षांनी कायद्याला 'सायकल' हा शब्द वेगळा लिहावा लागला! रस्ता खुला झाला, पण त्या रस्त्यावरून कोणी कसे जायचे, हे ठरवणारे लोक जागेवरच बसून होते, हाच ह्याचा अर्थ.

२

रस्त्याचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला जात नाही. तळ्याचा लिहिला गेला, कारण महाड झाले. देवळाचा लिहिला गेला, कारण काळाराम झाले. परंतु पाणी दिवसातून दोनदा लागते आणि रस्ता घराबाहेर पाऊल टाकताच लागतो. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यांवर अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. पायी चालणाऱ्याची ही गत, मग वाहनावर बसणाऱ्याची काय असणार?

१८९३ साली त्रावणकोर संस्थानात वेंगानूरच्या अय्यंकाली नावाच्या पुलया जातीतील तरुणाने बैलगाडी घेतली. पांढरे स्वच्छ कपडे केले, डोक्याला फेटा बांधला आणि अस्पृश्यांना बंदी असलेल्या सार्वजनिक रस्त्यावरून ती गाडी हाकली. शेतमालकांचा माल वाहण्यासाठी पुलयाने बैल हाकले तर कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती त्याने गाडीत स्वतः बसण्याला. वाहन ओढणारा, धुणारा, दुरुस्त करणारा आपला चालतो. त्यावर बसणारा आपला चालत नाही. वाहनाने माणूस उंचावर जातो आणि उंची ही जातीच्या उतरंडीत आधीच वाटून दिलेली असते.

बाबासाहेबांचे दोन प्रसंग येथे शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला निघाला. मसूर स्टेशनवर मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकाने गाडी दिली. अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, तेच बाबासाहेब मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून चाळीसगावला आले. आता ते बॅरिस्टर होते, कायदेमंडळाचे सभासद होते. टांगेवाल्याने टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. वस्तीतल्या सवय नसलेल्या माणसाने टांगा हाकला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. मधल्या अठ्ठावीस वर्षांत पदव्या बदलल्या, गाडीवानाची अट बदलली नाही.

ह्या दोन्ही प्रसंगांत अडवणूक करणारा माणूस एकच आहे, तो म्हणजे वाहनाचा हाक्या. आणि येथेच सायकलचे महत्त्व आहे.

३

आज आपण चालवतो ती सारख्या चाकांची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास तयार झाली आणि १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. ह्या यंत्राला बैल लागत नाही, घोडा लागत नाही, आणि मुख्य म्हणजे गाडीवान लागत नाही. 'तुझी गाडी मी हाकणार नाही' असे म्हणायला कोणी उरतच नाही. स्वतःच्या पायांच्या बळावर, स्वतःच्या वेळेला, कोणाची मनधरणी न करता माणूस दहा मैल जाऊन परत येतो. मजुराला दूरचे काम मिळते, मुलीला दूरची शाळा मिळते. गावातल्याच मालकाच्या दारात उभे राहण्याची सक्ती थोडी सैल होते.

मग अडवणारे गेले कुठे? ते रस्त्याच्या कडेला येऊन बसले. जे काम गाडीवानाचा नकार करीत होता ते आता पारावरची शिवी, पुलावरची शीळ, पाठीमागून आलेला दगड करू लागला. हे करणारा बहुधा अनोळखी असतो. त्याचे आपले वैर नसते. पण आपल्याला खाली उतरवण्याचा अधिकार त्याला कोणी बहाल केला आहे, असे त्याच्या आवाजावरून वाटते. जातिव्यवस्थेला पोलीस चौकी लागत नाही ती यामुळेच. रिकामटेकडा बसलेला कोणीही तिचा शिपाई असतो.

हे एकट्या आपल्या देशापुरते नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती निग्रोंना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिथल्याच काळ्यांच्या लढ्यावरून घेतले. त्या नात्याने मार्शल टेलर ह्या सायकलपटूची कथा आपल्याला माहीत असली पाहिजे. 'मेजर टेलर' ह्या नावाने तो ओळखला जाई. १८७८ साली इंडियानापोलिसला जन्मलेला हा काळा मुलगा सायकलच्या दुकानात झाडलोट करीत वर आला आणि १८९९ साली माँट्रियलला शर्यतीत जगज्जेता ठरला. दरम्यान १८९४ सालीच अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने, आपल्या नियमांत 'गोरे' हा शब्द घालून काळ्यांना सभासदत्व बंद केले होते. तो डाग त्या संघटनेने १९९९ साली औपचारिकपणे पुसला.

१८९७ साली टाँटन गावच्या शर्यतीनंतर एका हरलेल्या गोऱ्या स्पर्धकाने टेलरला सायकलवरून खेचून बेशुद्ध पडेपर्यंत त्याचा गळा दाबला. पुढच्या वर्षी तो दक्षिणेत सव्हाना येथे सरावाला गेला. शर्यत नाही, बक्षीस नाही, रस्त्यावर साधी सायकल चालवणे एवढेच. तिथे त्याला चिठ्ठी आली की अठ्ठेचाळीस तासांत गाव सोड. खाली सही होती 'गोरे सायकलस्वार' अशी. टेलरला सव्हाना सोडावे लागले.

टेलरने ह्या छळाला एकच उत्तर शोधले, ते म्हणजे वेग. सर्वांच्या पुढे जायचे, म्हणजे कोणाचा हात पोचणार नाही. ते उत्तर थोर होते, पण एकट्याचे होते. पाय थकल्यावर ते संपले. स्वतःचे आत्मचरित्र दारोदार विकत तो १९३२ साली शिकागोत निर्धन मेला आणि बेवारशासारखा पुरला गेला. आपल्यातला एखादा हुशार मुलगा पुढे निघून गेला की आपण टाळ्या वाजवतो. टेलरचे आयुष्य विचारते, मागे राहिलेल्यांसाठी रस्ता तेवढाच रुंद झाला का?

४

स्त्री सायकलवर बसली की हा छळ दुहेरी होतो, कारण तिला अडवण्यासाठी तिची जातही माहीत असावी लागत नाही. २१ मे १८९७ रोजी केंब्रिज विद्यापीठात स्त्रियांना पदव्या द्याव्यात की नाही यावर मतदान होते. विरोधकांनी चौकात बाईचा पुतळा टांगला, तो सायकलवर बसवलेला. ठराव हरला तेव्हा जमावाने त्या पुतळ्याच्या चिंध्या केल्या. तिथल्या स्त्रियांना पूर्ण पदवी मिळायला १९४८ साल उजाडले. पुस्तक आणि सायकल यांची सांगड विरोधकांनी आपल्या आधी ओळखली होती असे म्हणावे लागते. तशी ती पुण्याच्या सनातन्यांनीही ओळखली होती. १८४८ साली सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघत तेव्हा त्यांच्यावर शेण-चिखल पडला तो रस्त्यावरच. त्या पिशवीत दुसरे लुगडे घेऊन निघत, पण रस्ता बदलत नसत.

माझे स्वतःचे सांगते. आठवीपासून मी शेजारगावच्या हायस्कूलला सायकलने जाऊ लागले. वाटेत कॅनॉलचा पूल होता आणि त्याच्या कठड्यावर पोरे बसलेली असत. आधी शीळ आली, मग जातीवरून बोलणे आले, मग अंगावरून. कोणी कॅरिअर धरून ओढायचे. एके दिवशी चाकाच्या तारांत काठी आली आणि मी खडीवर आपटले. हनुवटीवरची खूण अजून आहे. शाळेत सांगितले तर सल्ला मिळाला, "दुसऱ्या रस्त्याने येत जा." दुसरा रस्ता म्हणजे उसातली पायवाट!

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहिताना हात जड होतो, पण ह्या पानांवर ती लिहिली नाही तर कुठे लिहायची? त्या कठड्यावर बसलेल्यांत आमच्या वस्तीतली दोन पोरे होती. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून तीच पुढे नाचत. जातीवरून बोलणे आले की ती गप्प बसत, आणि अंगावरून बोलणे आले की हसत. ज्यांचे आजे वेशीत उतरत होते त्यांचे नातू आपल्याच बहिणीला उतरवायला बसतात, तेव्हा आपल्या चळवळीने कोणता रस्ता चालायचा राहून गेला?

उपाय माझ्या आईने काढला. तिने वस्तीतल्या चार आणि धनगरवाड्यातल्या दोन मुलींच्या घरी जाऊन सांगितले, सगळ्या एका वेळी निघतील, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. दोघींकडे सायकल नव्हती, त्या डबलसीट येत. पहिला आठवडा कठड्यावरून दुप्पट आवाज आले. मग ते कमी झाले. थांबले नाहीत, पण आम्ही उतरलो नाही. सहापैकी पाच जणी दहावी झालो.

आईला तमिळनाडूतला पुदुकोट्टै जिल्हा माहीत नव्हता. तिथे १९९१ पासून 'अरिवोळी इयक्कम' ह्या साक्षरता चळवळीने सायकल शिकणे हा अक्षर शिकण्याचाच भाग केला. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्याला बळ दिले. दगडखाणीतल्या मजूर बायका, शेतमजूर, दलित आणि मुसलमान बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली पसंत केल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. वाटेत घाणेरडे शेरे मारले गेलेच. परंतु पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवल्याप्रमाणे त्या ग्रामीण जिल्ह्यात एक लाखाहून अधिक बायका सायकल शिकल्या. एकटीला उतरवता येते. लाखांना उतरवायला तेवढे कठडे आणायचे कुठून?

५

तेव्हा रस्त्यावर अनोळखी माणूस छळतो तेव्हा काय करावे, ह्या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर मला असे दिसते. 'दुर्लक्ष कर, दुसऱ्या वाटेने जा' हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण तो आजाच्या चढासारखा आहे. नसलेली गोष्ट आहे म्हणून मान्य करायची आणि उतरायचे. एकट्याने वेग वाढवणे हे प्रसंगी जीव वाचवते, ते जरूर करावे, पण त्याला मार्ग समजू नये. सोबतीने निघणे हा मार्ग आहे, आणि ती सोबत जातीच्या कुंपणापलीकडची असेल तर अधिक टिकते. वेळ, जागा, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आज सायकल हा शब्द आहे, आणि भारतीय न्याय संहितेची ७५, ७८ व ७९ ही कलमे स्त्रीच्या छळासाठी, पाठलागासाठी, अपशब्दासाठी आहेत. कार्यकर्त्यांनी ही कलमे पाठ असल्यासारखी वापरावीत. शिक्षकांनी तर तक्रार घेऊन आलेल्या मुलीला उसातली वाट दाखवू नये. तिच्याबरोबर पुलापर्यंत जावे. आणि आपल्या वस्तीतल्या पोरांना आपण त्या कठड्यावरून उठवले पाहिजे. ते काम कायदा करणार नाही.

आजा गेला त्याला आता बरीच वर्षे झाली. त्याची सायकल वडिलांनी ठेवली आहे. गेल्या दिवाळीत माझ्या भावाची आठ वर्षांची मुलगी दांडीखालून पाय घालून ती चालवायला शिकली. वेशीतून ती घंटी वाजवीत थेट वस्तीपर्यंत आली. पारावरच्या एका म्हाताऱ्याने काहीतरी म्हटले. ती मला येऊन विचारू लागली, "आत्या, ते आजोबा उतर का म्हणत होते?"

मी तिला चढ आहे असे सांगितले नाही. तिला जवळ बसवले आणि आजाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली.