मिठाच्या भांड्यातून निघालेलं यंत्र

नाटकवाल्यांच्या बोलण्यात 'प्रॉपर्टी' हा शब्द नेहमी येतो. ही प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. राजाच्या कमरेची तलवार, भीमाची गदा, दरबारातला पानाचा डबा, या साऱ्याला प्रॉपर्टी म्हणतात. तलवार लाकडाची असते आणि तिला बेगड चिकटवलेली असते. गदा पुठ्ठ्याची असते. हे नटाला माहीत असतं, तसंच प्रेक्षकालाही माहीत असतं. तरीही भीमाने गदा उचलली की आपण सावरून बसतो. सोंगातल्या वस्तूने काम करायचं नसतं, काम केल्यासारखं दिसायचं असतं.

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. त्र्यंबकला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून परतले. चित्रपटासाठी भांडवल हवं होतं आणि सावकाराचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीत कडधान्य पेरलं आणि ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत अंकुराची वाढ टिपली. पडद्यावर बघता बघता बी फुटलं, रोप वर आलं, आणि सावकाराचा हात खिशाकडे गेला. पुढे नाशिकला त्यांनी 'लंकादहन', 'कालियामर्दन' असे चित्रपट काढले. त्यात मारुती उडाला, लंका जळली. ते सगळं सोंगच होतं. पण त्या सोंगामागचा कॅमेरा मात्र खराच चालावा लागे. दिसणं आणि असणं यांतला फरक फाळके पुरता ओळखून होते.

आज मला अशाच एका सोंगातल्या वस्तूची गोष्ट सांगायची आहे. पडद्यावर ती पोकळ होती, आणि पुढे काही माणसांनी ती खरोखर चालवून दाखवण्याचा ध्यास घेतला.

ही वस्तू जन्मली अमेरिकेत. ८ सप्टेंबर १९६६ रोजी तिथल्या दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. ताऱ्यांमधून हिंडणारं एक जहाज आणि त्यावरची माणसं, असा तिचा विषय. ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शननेही ती दाखवली होती, त्यामुळे अनेक वाचकांना ती आठवत असेल. जहाजावर मॅकॉय नावाचा डॉक्टर होता. त्याच्या खांद्याला एक काळी पेटी लटकलेली असे. तिचं नाव ट्रायकॉर्डर. पेटीचं झाकण उघडायचं, हातातली छोटी नळकांडी आजाऱ्याच्या अंगावरून फिरवायची, बारीक आवाज व्हायचा, की डॉक्टरला रोग कळला. सुई नाही, रक्त नाही, रांगही नाही. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून दुपारपर्यंत बसलेल्या माणसाला ती पेटी किती मोहक वाटली असेल, याची कल्पना करून पाहा.

ती पेटी वा चांग नावाच्या कलावंताने घडवली. चिनी वंशाचा हा माणूस होनोलुलूला जन्मलेला. तरुणपणीच त्याला पोलिओने गाठलं होतं. मालिकेतल्या अनेक विचित्र प्राण्यांचे मुखवटे आणि उघडमीट करणारं बोलण्याचं यंत्र हीही त्याचीच कामं. पण तो प्रॉपर्टी बनवणाऱ्यांच्या संघटनेचा सभासद नव्हता, म्हणून स्टुडिओला त्याचं काम 'बाजारातून तयार आणलेला माल' असं दाखवावं लागलं. श्रेयनामावलीत त्याचं नाव आलं नाही. त्याआधी 'द टाइम मशीन' या १९६० च्या चित्रपटातल्या करामतींना ऑस्कर मिळालं, तेव्हाही सन्मान सहकाऱ्यांच्या नावे झाला आणि चांग मागेच राहिला. सोंगाची वस्तू लक्षात राहते आणि ती घडवणारा हात विसरला जातो, हे तिकडेही असंच.

आणि डॉक्टरच्या हातातली ती नळकांडी? तिची हकीकत तर आणखी गमतीची आहे. मालिकेच्या पहिल्याच प्रसारित भागात माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा एक प्राणी होता. त्या भागासाठी प्रॉपर्टीवाल्याने भविष्यातली वाटतील अशी नव्या धर्तीची मिठाची भांडी विकत आणली. पण ती इतकी आगळी निघाली की प्रेक्षकांना ती मिठाची भांडी आहेत हेच कळणार नाही, अशी शंका आली. मग टेबलावर साधी भांडी ठेवली आणि ही आगळी भांडी डॉक्टरच्या पेटीत गेली. तीच त्याची रोग शोधणारी उपकरणं झाली. जगभर लाखो लोकांनी ज्या विज्ञानाकडे डोळे विस्फारून पाहिलं, ते मुळात जेवणाच्या टेबलावरचं मिठाचं भांडं होतं.

मालिका तीन वर्षांत, १९६९ ला, बंद पडली. पण पेटी लोकांच्या मनातून गेली नाही. आधी हौशी मंडळींनी हुबेहूब दिसणाऱ्या पेट्या केल्या. मग प्रश्न आला, दिसते तर खरी, पण चालेल का? १९९६ साली कॅनडातल्या एका कंपनीने 'ट्रायकॉर्डर' याच नावाने एक उपकरण बाजारात आणलं. ते विद्युतचुंबकीय लहरी, तापमान आणि हवेचा दाब मोजत असे. पुढे पीटर जॅन्सन या तरुण संशोधकाने तापमान, आर्द्रता, चुंबकीय क्षेत्र, रंग, अंतर असं बरंच काही मोजणारी हातात मावेल अशी पेटी तयार केली. २०१२ साली तिची सगळी रेखाटनं त्याने जगाला फुकट देऊन टाकली. या पेट्या खऱ्या होत्या, त्या मोजत होत्या. पण त्या खोलीची तब्येत सांगत, माणसाची नव्हे.

त्याच २०१२ च्या जानेवारीत एक कोटी डॉलरची स्पर्धा सुरू झाली. अट अशी, की यंत्र घरातल्या सामान्य माणसाला वापरता आलं पाहिजे, वजन पाच पौंडांच्या आत हवं, आणि त्याने मधुमेह, न्यूमोनिया, रक्तक्षय असे डझनभर आजार डॉक्टरशिवाय ओळखले पाहिजेत. शिवाय नाडी, श्वास, ताप, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू यांवर लक्ष ठेवलं पाहिजे. सुमारे तीनशे संघांनी नावं नोंदवली. एप्रिल २०१७ मध्ये निकाल लागला. पहिला आला तो फिलाडेल्फियाजवळचा एक घरगुती संघ. त्याचा म्होरक्या बेसिल हॅरिस हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातला डॉक्टर. भावंडं आणि मित्र यांना गोळा करून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी घरातच त्याने हे काम केलं. दुसरा आला तैवानचा संघ, ज्याच्या पाठीशी बडी कंपनी होती. पण पूर्ण एक कोटी कुणालाच मिळाले नाहीत. पहिल्याला २६ लाख, दुसऱ्याला १० लाख डॉलर. मूळच्या सगळ्या कसोट्यांना कुणाचंच यंत्र उतरलं नव्हतं.

हॅरिसच्या यंत्रात छाती, मनगट आणि बोट यांना लावायची छोटी साधनं होती. पण त्याचा जीव त्या साधनांत नव्हता. ते यंत्र आजाऱ्याला प्रश्न विचारायचं. खोकला कधीपासून? धाप लागते का? घरात मधुमेह कुणाला आहे? एका उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरायचा. मला यात मोठी मौज वाटते. पडद्यावरची पेटी मुकाट्याने अंगावरून फिरायची आणि निकाल द्यायची. खरी पेटी करायला गेल्यावर माणसांना कळलं, की आधी विचारावं लागतं. आपल्याकडचा जुना वैद्य किंवा हकीम एका हाताने नाडी धरायचा आणि तोंडाने विचारत राहायचा, काल काय खाल्लंस, झोप लागली का. नाडी आणि प्रश्न ही जोडगोळी त्याला सोडवत नव्हती. ती यंत्रालाही सोडवली नाही.

आता या गोष्टीची काळी बाजू. इराकमध्ये बगदादच्या नाक्यानाक्यांवर काही वर्षं पोलिसांच्या हातात एक उपकरण असे. प्लास्टिकची मूठ आणि तिला बसवलेली हलती तार. गाडीत स्फोटकं असतील तर तार तिकडे वळते, असा विकणाऱ्याचा दावा. त्यात बॅटरीही नव्हती. धरणाऱ्याच्या अंगच्या स्थिर विजेवर ते चालतं, असं सांगितलं जाई. मुळात ती हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती होती. म्हणजे निव्वळ प्रॉपर्टी, पण हजारो पौंडांना विकलेली. त्या नाक्यांवरून स्फोटकं पार गेली आणि माणसं मेली. २०१० साली ब्रिटनने त्याच्या इराक आणि अफगाणिस्तानातल्या निर्यातीवर बंदी घातली. विकणारा जेम्स मॅकॉर्मिक २०१३ साली दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला.

ती तार काहीच शोधत नव्हती, आणि तरी ती रोज उत्तर देत होती. मनगट नकळत हललं की तार हलायची. सोंगातल्या वस्तूचं हेच लक्षण आहे. ती कधी अडखळत नाही, कधी 'समजलं नाही' म्हणत नाही. नाटकाच्या संहितेत जे उत्तर लिहिलंय ते ती देते. खऱ्या यंत्राला ही मुभा नसते. ते अडतं, चुकतं, आणि कुठे चुकतं हे तपासता येतं.

याचा दाखला दूर शोधायला नको, तो आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता. १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबवली गेली. आरोग्य पथकं घरोघर गेली. हातात ताप मोजणारी बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. हा ऑक्सिमीटर म्हणजे त्या काळ्या पेटीचा धाकटा भाऊच म्हणायचा. तो बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवतो. प्राणवायूने भरलेलं रक्त आणि प्राणवायू कमी असलेलं रक्त हे दोन्ही प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यावरून आकडा काढतो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी ही युक्ती सत्तरच्या दशकात शोधली. ते खरं तर दुसरंच काही मोजत होते आणि नाडीचे ठोके त्यांच्या मोजमापात सारखी लुडबूड करत होते. ही लुडबूड काढून टाकता टाकता त्यांच्या ध्यानात आलं, की याच ठोक्यांवरून रोहिणीतलं रक्त वेगळं ओळखता येईल. एप्रिल २०२० मध्ये, सारं जग त्यांच्या यंत्राला बोट लावायला धावत असताना, ते वारले. त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

आणि हे खरं यंत्रही चुकतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलं, की कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ऑक्सिमीटरला न दिसलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. कातडी सावळी असेल तर आकडा असायला हवा त्यापेक्षा चांगला दिसू शकतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या देशात ही बारीक गोष्ट नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने, वेगवेगळ्या वर्णांच्या अधिक माणसांवर ही यंत्रं तपासून घ्यावीत, असा मसुदा पुढे आणला. खऱ्या वस्तूची चूक सापडते आणि दुरुस्तही करता येते. पुठ्ठ्याच्या गदेत चूक काढणार तरी कोणती?

आज मनगटावरचं घड्याळ ठोके मोजतं, खिशातला फोन पावलं मोजतो. आकड्यांचा सुकाळ झाला आहे. म्हणून दुकानात कुणी चकचकीत डबी हातात ठेवून 'ही सगळं सांगते' म्हणाला, तर त्याला इतकंच विचारावं, की हिला हे कळतं कसं, आणि हिला कळत नाही असं काय आहे? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर डबी परत ठेवावी.

त्या मोहिमेतल्या कार्यकर्त्या ऑक्सिमीटरवरचा आकडा वहीत लिहून घेत आणि तेवढ्यावर निघून जात नसत. घरात साखरेचा त्रास कुणाला, दाब कुणाला, दमा कुणाला, हे विचारत. आकडा कमी दिसला तर कुठल्या दवाखान्यात जायचं ते सांगत. यंत्र बोटाला लागलेलं असे आणि विचारपूस चालू असे. एक कोटी डॉलरच्या स्पर्धेत जे सिद्ध झालं, ते या बाया मास्क लावून दारोदार करत होत्या.